एका नावाचे दोन शिपाई : बेळगाव तालुक्यातील एका स्मृतिशिळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहराच्या पश्चिमेला, चंदगड तालुक्याच्या हद्दीकडे सरकत जाणाऱ्या पट्ट्यात भात, नाचणा आणि रताळी पिकवणारी लहान लहान गावे आहेत. त्यांतील एका गावात हे प्रकरण घडले. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडत असून ओळख पटू शकेल असे सर्व तपशील वगळले आहेत. जमीन थोडी, वाटण्या फार आणि सुगी संपली की हाताला काम नाही, अशा स्थितीत घरातील एका मुलाने पलटणीत जाणे ही या भागातील जुनी रीत आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत निरनिराळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि तिची प्रशिक्षण पलटण बेळगावात राहिली, त्यामुळे ही रीत अधिक पक्की झाली; परंतु भरती त्याच्याही आधीपासून होत होती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. रक्कम मोठी नसली तरी ती रोख होती आणि पावसावर अवलंबून नव्हती.

या गावातील देवळाच्या ओवरीत संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या युद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती मेली, एवढेच तिच्यावर इंग्रजीत कोरले आहे. माणसांची संख्या आहे, नाव एकाचेही नाही. प्रकरणातील कुटुंबाचे म्हणणे असे की, त्या मेलेल्यांत एक आपला. ‘आमचे आजोबा बसऱ्याला लामावर गेले आणि तिकडेच राहिले’ हे वाक्य (लाम म्हणजे युद्ध, बसरा हे आजच्या इराकमधील शहर) त्या घरात तीन पिढ्या जसेच्या तसे सांगितले जात होते. पुराव्यादाखल घरात दोन वस्तू होत्या : बेळगावच्या कॅम्पातील स्टुडिओचा शिक्का पाठीमागे असलेला, गणवेशातील एका तरुणाचा फोटो, आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले, तळहाताहून थोडे मोठे असे धातूचे एक गोल तबक, ज्याची दर दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर पूजा होत असे.

अडचण

गावातील युवक मंडळाने या शिपायाची स्मृतिशिळा उभारण्याचे ठरवले. २६ जानेवारीचा मुहूर्त धरला गेला, वर्गणी जमली आणि दगड घडवणाऱ्याला निम्मे पैसे पोहोचलेही. शिळेवर फोटोवरून काढलेले चित्र, खाली नाव आणि ‘१९१६ साली बसरा येथे वीरमरण’ अशी ओळ येणार होती. कुटुंबातील एक तरुण, जो उद्यमबागेतील कारखान्यात नोकरीला आहे, तो मजकूर तपासून घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आला. त्याची अपेक्षा फक्त शुद्धलेखन पाहण्याची होती.

शंका प्रथम फोटोने आणली. १९१६ पूर्वी साध्या शिपायाने स्टुडिओत जाऊन फोटो काढणे अशक्य नव्हते, पण विरळ होते. मात्र एवढ्यावरून कोणाच्या घरची आठवण खोटी ठरवता येत नाही. शिपायाची विधवा १९८० नंतरही टपाल कचेरीत जाऊन पेन्शन आणत असे, हे तरुणाच्या वडिलांनी स्वतः पाहिले होते. १९१६ मध्ये ती सोळा-सतरा वर्षांची असेल, तर १९८० नंतर ती ऐंशीच्या पुढे असणार; म्हणजे हिशेब ओढूनताणून का होईना, बसत होता. तो मोडला तो पुढच्या प्रश्नावर. या जोडप्याला मूलबाळ होते का, असे विचारताच उत्तर आले, ‘एक मुलगी आहे, म्हणजे आमच्या चुलत आत्या, आता ऐंशी-ब्याऐंशीच्या असतील.’ १९१६ मध्ये मेलेल्या माणसाची मुलगी आज त्या वयाची असू शकत नाही. दोन्ही गोष्टी त्याच घरात, त्याच माणसांना ठाऊक होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या.

तेव्हा अडचण केवळ तारखेची राहिली नाही. शिळेवर जो माणूस येणार होता, तो असा एकच माणूस झाला होता की नाही, याचीच खात्री राहिली नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठरल्याप्रमाणे शिळा उभी करण्याचा होता. मंडळातील ज्येष्ठांचा कल तिकडे होता आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती : पाहुण्यांना तारीख दिली आहे, दगड घडतो आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीत गावाला जे माहीत आहे त्यापेक्षा जास्त कोण सांगणार? दुसरा पर्याय वर्ष आणि ठिकाण गाळून केवळ नाव कोरण्याचा होता. तो सोपा होता, पण चित्र एकाचे आणि मरण दुसऱ्याचे असा घोळ त्याने मिटला नसता, उलट दगडात कायम झाला असता. तिसरा पर्याय मुहूर्त पुढे ढकलून शोध घेण्याचा.

शोध घ्यायचा तर तो कोठून, यावर घरात मतभेद होता. रेजिमेंटच्या केंद्रात चौकशी करावी, इंटरनेटवरील युद्धमृतांच्या नोंदी पाहाव्यात, असे सगळे बोलत होते. आत्यांना विचारावे असे मात्र कोणीच म्हणत नव्हते. कारण पुढे हळूहळू कळले. आत्यांच्या आईच्या नावावर भाताच्या जमिनीचा एक तुकडा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यामुळे विधवेच्या ताब्यातील अशी मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते आणि मृत्युपत्र नसेल तर ती तिच्या पश्चात तिच्या मुलांकडे जाते. प्रत्यक्षात आई वारल्यावर उताऱ्यावर चुलत भावांची नावे चढली होती. आत्या सासरी, दुसऱ्या तालुक्यात. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण येणेजाणे कमी होत होत लग्नकार्यापुरते उरले. शिळेच्या निमित्ताने त्यांच्या दारात जायचे म्हणजे तो तुकडाही बोलण्यात येणार, अशी धास्ती होती.

शिळा कोठे उभारायची आणि कोणत्या लिपीत, हाही प्रश्न होता. ग्रामपंचायतीच्या जागेत उभारायची तर ठराव हवा आणि कन्नड मजकूरही हवा. घराच्या अंगणात उभारली तर दोन्ही टळते, पण मग ती गावाची राहत नाही. सीमाभागात या प्रश्नावर तास न् तास जाऊ शकतात. येथे मात्र तो एका बैठकीत सुटला, कारण माणूसच निश्चित नसताना लिपीवर कोण भांडणार?

प्रत्यक्षात काय केले

मुहूर्त पुढे ढकलण्याचा निर्णय तरुणाने घेतला आणि मंडळाची नाराजी त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. दगडवाल्याला चित्र आणि मजकूर सोडून बाकीचे घडवण्यास सांगितले.

पहिली पायरी चुकीच्या दिशेने पडली. घरची गोष्ट बसऱ्याची, म्हणून शोधही बसऱ्याच्या स्मारकापासून सुरू झाला. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांच्या समाध्या सापडत नाहीत अशा ४०,५०० हून अधिक जणांचे हे स्मारक १९२९ मध्ये उघडले गेले, आणि १९९७ मध्ये ते बसऱ्याहून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर हलवण्यात आले. त्याच्या दगडावर हिंदी फौजेतील अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण साध्या शिपायांचा उल्लेख पलटणवार केवळ आकड्याने आहे. म्हणजे गावच्या ओवरीतील पाटीने जे केले तेच तेथेही झाले. स्मारकांच्या व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननेच २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध करून या असमान वागणुकीची कबुली दिली आहे.

आयोगाच्या संगणकीय नोंदींत मात्र शिपायांची नावे मिळू शकतात. तेथे ‘बेळगावी’ असे टाकून काही हाती लागले नाही, कारण शहराचे नाव २०१४ मध्ये बदलले आणि नोंदी त्याआधीच्या, इंग्रजांच्या स्पेलिंगातल्या आहेत. ‘मराठा’ हा शब्दही तेथे आजच्या स्पेलिंगाने लिहिलेला नाही. जुन्या कागदांत त्यात ‘एच’ ‘आर’च्या आधी येतो आणि ‘टी’ दोन असतात. हे लक्षात आल्यावर नोंदी सापडू लागल्या, पण आता त्या जास्त झाल्या. त्याच नावाचे आणि आडनावाचे शिपाई पहिल्या महायुद्धात एकाहून अधिक मराठा पलटणींत मेले होते. एकाच्या नोंदीत जिल्हा बेळगाव होता, पण गावाचे नाव ओळखू येऊ नये इतके मोडलेले आणि वडिलांचे नाव दिलेलेच नव्हते.

दुसरी पायरी तबकाची. त्यावर पिढ्यान् पिढ्यांच्या हळदकुंकवाचा थर बसला होता. तरुणाच्या आईने ते चिंच आणि राखेने घासण्याची तयारी केली होती, कारण घरातील तांब्यापितळेची भांडी तशीच घासतात. येथे थांबवणे आवश्यक होते. आंबटाने धातूचा जुना रंग आणि अक्षरांच्या कडा दोन्ही जातात, आणि एकदा गेल्या की परत येत नाहीत. कोमट पाणी आणि मऊ ब्रशने थर हळूहळू सोडवला, मग त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली. कागदावर त्रिशूळ घेतलेली एक उभी स्त्री उमटली, तिच्या पुढे सिंह, आणि उजव्या बाजूला एका चौकटीत उठावदार रोमन अक्षरे. ते अक्षर अक्षर लावत गेल्यावर शिपायाचे नाव आणि आडनाव पूर्ण झाले. कडेने ‘स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी त्याने प्राण दिले’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता. (बेळगाव तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाच्या बाबतीत हे स्वातंत्र्य कोणाचे, असे त्या तरुणाने विचारले. त्याचे उत्तर शिळेच्या मजकुरात मावणारे नव्हते.)

हे तबक म्हणजे पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने पाठवलेली कांस्याची स्मृतिचकती होती. तिचा व्यास १२० मिलिमीटर असतो आणि सर्वांचे बलिदान सारखे मानावे म्हणून तिच्यावर हुद्दा कोरलेला नसतो. दुसऱ्या महायुद्धात अशी चकती दिली गेली नाही. तेव्हा या नावाचा एक माणूस पहिल्या महायुद्धात नक्की मेला होता, एवढे पक्के झाले. आणि तो आत्यांचा बाप नव्हता, हेही तितकेच पक्के झाले.

यानंतर आत्यांकडे जाणे टाळता येण्यासारखे नव्हते. तरुण वडिलांना घेऊन गेला. सोबत तबकाच्या पेन्सिल-छापाचा कागद आणि फोटो होता, आणि जमिनीचा विषय निघाला तर तो टाळायचा नाही असे दोघांनी जाण्यापूर्वीच ठरवले होते. फोटो पाहून आत्या म्हणाल्या, ‘ह्यो माझा बा. बसऱ्याला न्हाई मेला तो, इटलीत मेला. आईनं किती येळा सांगितलंय. तुम्ही कधी इचारलासा?’

त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे. त्यांच्या बापाचे नाव चुलत्याचे होते. चुलता पहिल्या लामावर गेला तेव्हा त्याचे लग्न झालेले नव्हते. तो परत आला नाही आणि पुढे भावाला मुलगा झाला तेव्हा गेलेल्याचे नाव बाळाला ठेवले. तो मुलगाही मोठा होऊन बेळगावच्या केंद्रात भरती झाला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याला समुद्रापार जावे लागले. त्याची पत्रे आणि मनीऑर्डरी काही काळ बसऱ्याकडून येत होत्या, आणि रजेवर आलेल्या एका सोबत्याच्या हाती त्याने खजुराची पेटी पाठवली होती. गावाने बसरा लक्षात ठेवला तो त्या खजुरामुळे, असे आत्यांचे मत होते आणि ते पटण्याजोगे आहे. मुलगी झाल्याचे पत्र त्याला पोहोचले. मुलीला त्याने पाहिले नाही. मरणाचा कागद टपालाने आला तेव्हा शाळेच्या मास्तरांनी तो वाचून दाखवला, आणि आईने त्यातील ‘इटली’ हे एक नाव धरून ठेवले.

हे सर्व घेऊन आयोगाच्या नोंदी पुन्हा पाहिल्या, या वेळी दुसऱ्या महायुद्धातील इटलीच्या. नाव सापडले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतील शिपाई. मृत्यू १९४३ च्या हिवाळ्यातील. वय पंचविशीच्या आत. वडिलांचे नाव जुळले, गावाचे नाव थोडे मोडलेले पण ओळखता येण्याजोगे, आणि शेवटी पत्नीचे नाव, तेही जुळले. वय, वडील, गाव आणि पत्नी या चार गोष्टी एकत्र जुळल्याशिवाय नोंद आपली मानायची नाही, असे आधी ठरवले होते. या भागात एका गावात एकाच नावाची चार-पाच माणसे असणे नवलाचे नाही.

पलटणीचा प्रवासही आत्यांच्या सांगण्याशी जुळतो. पहिली पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. हे डिव्हिजन १९४१ मध्ये इराकला गेले, त्या प्रदेशात दोन वर्षे राहिले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये दक्षिण इटलीत तारांतो बंदरात उतरले. तेथून एड्रियाटिक समुद्राच्या बाजूने उत्तरेकडे सरकताना नोव्हेंबरमध्ये सांग्रो नदीवर मोठी लढाई झाली. पावसाने नदीला पूर आला होता, फौजेने टाकलेले पूल वाहून जात होते आणि पलीकडच्या टेकड्यांवर जर्मनांनी आधीपासून मोर्चे बांधून ठेवले होते. त्या सुमारास हा शिपाई मेला. नेमक्या कोणत्या चढावर आणि कशाने, हे नोंदीत नाही, आणि शिळेच्या मजकुरात ते कल्पनेने भरायचे नाही असे ठरले. मंडळातील एकाने ‘शत्रूशी झुंजत’ असे शब्द सुचवले होते. ते घेतले नाहीत.

निष्पत्ती

सांग्रो येथील युद्धसमाधीस्थळात दहन झालेल्या हिंदी सैनिकांसाठी स्वतंत्र स्मारक आहे. इटलीत अशी तीन स्मारके आहेत. इतर दोन फोर्ली आणि रिमिनी येथे. सांग्रोच्या स्मारकावर पाचशेहून अधिक नावे आहेत आणि धाकट्या शिपायाचे नाव त्यांत कोरलेले आहे. म्हणजे ज्याच्यासाठी कुटुंब बसऱ्याचे आकडे चाळत होते, त्याचे नाव दूर इटलीतील अब्रुत्झो प्रांतात दगडावर पूर्वीच लागले होते. थोरल्याचे नाव घरच्या चकतीखेरीज कोठे आहे, हे ठरलेले नाही. बेळगाव जिल्ह्याची ती नोंद त्याची असू शकते. पण चारपैकी एकही कसोटी तिला पुरती लागू होत नाही.

शिळा पुढील वर्षी उभी राहिली, ग्रामपंचायतीच्या ठरावाने, मराठी आणि कन्नड दोन्हींत. तिच्यावर दोन माणसे आहेत. चित्र धाकट्याचे आहे आणि त्याच्याखाली ‘इटली, १९४३’ आहे. थोरल्याच्या नावाखाली ‘पहिले महायुद्ध’ एवढेच आहे. ‘बसरा’ आणि ‘१९१६’ काढून टाकले. यावर गावात थोडी कुरकुर झाली, कारण बसऱ्याचा शिपाई ही गावाच्या अभिमानाची गोष्ट होती आणि ती अर्धी काढून घेतल्यासारखे काहींना वाटले. अनावरण आत्यांच्या हस्ते झाले.

जमिनीचा विषय पहिल्या भेटीत निघाला नाही; दुसऱ्या भेटीत आत्यांनीच काढला. त्यांना तुकडा नको होता, पण आईचे नाव उताऱ्यावरून आपल्याला न सांगता गेले याचे वाईट वाटत होते. त्यांच्या मुलांचे मत वेगळे आहे आणि वारसा नोंदीच्या दुरुस्तीबद्दल दोन्ही घरांत बोलणी सुरू आहेत. शिळेमुळे हा प्रश्न निर्माण झाला, असे कुटुंबातील काही जण म्हणतात. प्रश्न आधीचाच होता. शिळेमुळे तो बोलला गेला, एवढेच.

वेगळे काय करता आले असते

दगडाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी शोध घेतला असता, तर मंडळातील रुसवेफुगवे टळले असते. तारीख आधी आणि तपास नंतर, हा क्रम अशा कामांत नेहमीचा असतो आणि पाहुण्यांच्या सोयीने ठरतो.

त्याहून मोठी गोष्ट विचारण्याच्या क्रमाची आहे. बसऱ्याच्या स्मारकावर आणि नोंदींच्या स्पेलिंगवर जो वेळ गेला, तो आत्यांच्या एका वाक्याने वाचला असता. घराण्याची गोष्ट सांगण्याचा मान घरात राहिलेल्या पुरुषांकडे जातो, आणि मुली लग्न होऊन गेल्या की त्यांना कोणी विचारत नाही. येथे विधवेच्या सहवासात सर्वांत जास्त वर्षे तिची मुलगीच होती. आईची शेवटची आजारपणेही तिनेच काढली. चुलत भावांनी मात्र चुलतीला टपाल कचेरीच्या वाटेवरच पाहिले. तिचे पेन्शनचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर इतर कागदांबरोबर जाळले गेले. ते जपले असते तर शिपायाचा क्रमांक आणि पलटण त्यातच मिळाली असती, आणि नोंद जुळवण्याचे काम एका बैठकीत झाले असते.

चकतीच्या बाबतीत निर्णय योग्य ठरला, परंतु तो योगायोगाने वेळेवर झाला. या पट्ट्यातील इतर घरांतही अशी तबके आणि चांदीची पदके असतील. पदके बहुधा सोनाराकडे गेली, तबके कांस्याची म्हणून वाचली. ती घासण्यापूर्वी फोटो आणि पेन्सिलचा छाप घ्यावा, एवढे तरी युवक मंडळाने घरोघरी सांगायला हवे होते. शिळेच्या अनावरणानंतर मंडळाने ते सुरू केले आहे.

ओवरीतल्या पाटीवरील आकड्यातील बाकीची माणसे कोण, हा प्रश्न आता गावात विचारला जातो. त्यासाठी त्या तरुणाने केलेल्या यादीत पहिला रकाना शिपायाच्या नावाचा नाही. गावातून लग्न होऊन गेलेल्या, सत्तरीच्या पुढच्या बायकांची नावे, त्यांची सासरची गावे आणि त्यांना भेटायला कोण जाणार, हे त्यात आधी लिहिले आहे.